चार माणसं, महिना सहा हजार: किराणा, दूध, भाजी सगळं धरून

रानजाई

विषय सरळ आहे. दोन मोठी माणसं, ९ आणि १२ वर्षांची दोन मुलं, गाव सोलापूरसारखं, आणि खाण्यापिण्याला महिन्याचे ६,००० रुपये. वाणसामान, दळण, दूध, भाजी, अंडी सगळं त्यातच. गॅस आणि साबण-सोडा वेगळा. रेशन सध्या धरलेलं नाही. जाणकारांनी त्यावर स्वतंत्र लिहावं.

अशा घरांत सर्वसाधारणपणे दिसते तशी यादी खाली मांडली आहे. भाव हिशेबापुरते धरलेत, आपापल्या दुकानातले घालून पुन्हा बेरीज करा.

गहू १२ किलो (३६ ने) ४३२
ज्वारी ७ किलो (४२ ने) २९४
तांदूळ ९ किलो (४६ ने) ४१४
दळण १९ किलो (६ ने) ११४
तूरडाळ ३ किलो ३९०, मूगडाळ १ किलो १२०, हरभराडाळ १ किलो ९०, मटकी १ किलो १२०
तेल अडीच लिटर ३७५
शेंगदाणे १ किलो १४०
साखर २ किलो ९०, गूळ अर्धा किलो ३०
चहा पावडर ३०० ग्रॅम १२०
मीठ-मसाला २००
पोहे, रवा १-१ किलो १००
बिस्किटं, टोस्ट, फरसाण ४५०
दूध रोज अर्धा लिटर ८४०
भाजी, कांदे-बटाटे, फळं १,३५०
अंडी ३० नग २१०

एकूण ५,८७९. बेरीज जमते, तरी अशी यादी असलेलं घर वीस तारखेनंतर दुकानात उधारी मांडायला लागतं. ते का होतं आणि कुठे दुरुस्त करायचं, यावर नेमकं लिहा. ‘काटकसर करावी’ एवढ्यावर थांबू नका, वजन-माप सांगा.

भुसारी

पहिल्या तीन ओळींतच उत्तर आहे. धान्य कमी भरलंय.

मध्यम पोळीला ३० ग्रॅम पीठ लागतं. १२ किलो गव्हाच्या ४०० पोळ्या, म्हणजे रोज तेरा. भाकरीला ७० ग्रॅम धरा: ७ किलोच्या १००, रोज तीन-सव्वातीन. भात रोज ३०० ग्रॅम तांदळाचा. चार माणसांत, त्यात एक मूल बारा वर्षांचं, दोन वेळच्या जेवणाला आणि डब्यांना हे पुरत नाही. बाईमाणूस ताटातलं कमी करतं, मुलं पाच वाजता बिस्किटाचा पुडा फोडतात आणि पुरुष चहाबरोबर बाहेर काहीतरी खाऊन येतो. उधारी तिथे सुरू होते.

पैसे कमी पडले की लोक आधी धान्य कमी भरतात, कारण पिशवी जड दिसते आणि आकडा मोठा वाटतो. खरं तर एका रुपयात सगळ्यात जास्त पोट धान्यानेच भरतं. काटछाट करायची तर धान्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

रानजाई

भुसारीकाका, अगदी बरोबर. तुमच्या मुद्द्याला आकडे जोडते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे बैठं काम करणाऱ्या पुरुषाला २,११०, बाईला १,६६०, ७ ते ९ वर्षांच्या मुलाला १,७०० आणि १० ते १२ च्या मुलीला २,०६० किलोकॅलरी लागतात. बेरीज ७,५३०. काम उभ्याचं किंवा ओझ्याचं असेल तर आणखी जास्त.

वरच्या यादीतून रोज मिळतात ६,३०० च्या आसपास. यात बिस्किटं-फरसाणही धरलंय. म्हणजे तूट १,२०० ची. प्रथिनांचं मात्र तसं नाही. या कुटुंबाची गरज दिवसाला साधारण १५५ ग्रॅम आहे आणि ती याच यादीतूनही भागते, कारण गव्हात ११ आणि ज्वारीत १० टक्के प्रथिनं असतात. पण मूळ ऊर्जा कमी पडली की शरीर प्रथिनंच जाळून टाकतं. तेव्हा महागडी पावडर आणण्याआधी पोळ्या मोजा.

दुरुस्त यादी अशी करता येईल. गहू १६, ज्वारी १२, तांदूळ १० किलो. तेल ३ लिटर. शेंगदाणे २ किलो. सोयाबीन वड्या अर्धा किलो (६० रु.). बिस्किटं-फरसाण पूर्ण बंद. डाळींत तूर २, मसूर १, हरभराडाळ १, मटकी १, हुलगे १ किलो (मसूर ८५, हुलगे ८० ने धरलेत). साखर दीड किलो, गूळ एक. भाजी १,२५०. दळण वाढलेल्या किलोंप्रमाणे, बाकी आहे तसं. बेरीज ५,९८० च्या आसपास येते, ऊर्जा ७,४०० पर्यंत आणि प्रथिनं २२० ग्रॅमपर्यंत जातात.

म्हणजे रोज १७-१८ पोळ्या, ५-६ भाकऱ्या, दोन वाट्या तांदूळ, २०० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि १०० मिली तेल. महिन्याच्या यादीपेक्षा हा रोजचा आकडा ओट्याजवळ लिहून ठेवा. घर त्याच्यावर चालतं.

आडवाट

वाचतोय. दोन शंका. मसुराची आमटी घरात सगळ्यांना चालत नाही, तुरीची सवय असते. आणि हुलगे सोलापूरकडे ठीक, बाकीच्यांनी काय करायचं?

दिवेलागण

नुसती मसूर नका करू. तूर दोन भाग, मसूर एक भाग एकत्र शिजवा. फोडणीत लसूण, काळं तिखट आणि चिंच-गूळ पडला की फरक कळत नाही. मसूर पटकन शिजते, त्यामुळे तूर अर्धा तास आधी भिजवायची आणि मसूर कुकर लावताना घालायची. चार माणसांना एका वेळच्या आमटीला ११० ग्रॅम मिश्र डाळ बास. उरलेले ९० ग्रॅम दुसऱ्या वेळच्या उसळीला किंवा पिठल्याला.

डाळ शिजत नसेल तर कारणं ठरलेली असतात: डाळ जुनी, पाणी जड, किंवा चिंच-टोमॅटो आधीच घातलेला. आंबट नेहमी डाळ घोटल्यावर घालायचं. खायचा सोडा घालू नका, त्याने ब जीवनसत्त्व जातं. चमचाभर तेल आणि हळद घालून भिजवलेली डाळ तीन शिट्ट्या आणि नंतर मंद आचेवर पाच मिनिटं, एवढ्यात होते. खाली डाळ, वर भात आणि सर्वांत वर दोन बटाटे असे एकाच कुकरला लावले तर गॅसही वाचतो.

आमटी पातळ वाटली की डाळ वाढवायची सवय असते. त्याऐवजी दोन चमचे येसूर (भाजलेल्या धान्याचं मसाल्याचं पीठ) लावा. येसूर नसेल तर भाजलेलं ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून ओता. दाटपणा येतो आणि डाळ वाचते.

सागरगोटा

हुलगे म्हणजे आमच्याकडचे कुळीथ. कोकणात जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळतात आणि कडधान्यांत स्वस्त पडतात. पण अख्खे कुळीथ शिजायला फार वेळ घेतात, गॅसवर परवडत नाहीत. रात्रभर भिजवून, मोड आणून मगच कुकरला लावायचे. त्याहून सोपं म्हणजे पिठी. कुळीथ मंद आचेवर खमंग भाजायचे, जात्यावर किंवा मिक्सरमध्ये भरडून साल पाखडायचं आणि डाळ दळायची. अर्ध्या वाटी पिठीत चार माणसांचं पिठलं होतं: थंड पाण्यात गुठळी मोडून कालवायचं, फोडणीत लसूण-मिरची, वर दोन आमसुलं. भाजणं कमी पडलं तर पिठी उग्र लागते आणि मुलं तोंड फिरवतात.

मासे खाणाऱ्यांनी सुक्या जवळ्याचा विचार करावा. पावसाळ्याआधी घेतला तर भाव बरा असतो. ५० ग्रॅम जवळा, दोन कांदे, एक टोमॅटो, चार माणसांचं कालवण. जवळा आधी कोरडा भाजून पाखडा आणि दोन पाण्यांतून काढा. खाली वाळू बसते. मीठ चव बघूनच. डबा घट्ट झाकणाचा हवा, पावसाळी हवा लागली की आळ्या होतात.

चिमणचारा

बिस्किटं ‘पूर्ण बंद’ असं लिहिणं सोपं आहे, पाच वाजताची भूक बंद होत नाही. तिथे पर्याय तयार ठेवला नाही तर साडेचारशे रुपये दुसऱ्या वाटेने जातातच. म्हणून नेमकं लिहिते.

शेंगदाण्याचे लाडू: अर्धा किलो दाणे (७० रु.), ३०० ग्रॅम गूळ (१८ रु.). ३० ग्रॅमचे २६ लाडू, म्हणजे एक साधारण साडेतीन रुपयांना. एका लाडवात १४५ किलोकॅलरी आणि पावणेपाच ग्रॅम प्रथिनं. दाणे मंद आचेवर, सतत हलवत. मोठ्या आचेवर साल काळं होतं आणि आतून कच्चं राहतं. गार झाल्यावर सालं काढून दाणे आणि चिरलेला गूळ मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवायचं. सलग फिरवलं तर तेल सुटून चिकट गोळा होतो. लाडू वळेनात तर तूप घालू नका, पुन्हा दोन झटके द्या. काळे पडलेले, सुरकुतलेले किंवा कुबट वास येणारे दाणे आधीच निवडून फेका. त्यातलं बुरशीचं विष भाजल्याने जात नाही.

भाजणी: ज्वारी २ वाट्या, बाजरी १, तांदूळ १, हरभराडाळ १, गहू अर्धी, उडीद अर्धी, धणे पाव वाटी, जिरे दोन चमचे. प्रत्येक धान्य वेगळं भाजा. एकत्र भाजलं तर जिरे जळतात, हरभराडाळ कच्ची राहते आणि थालीपीठ कडू-चिकट होतं. बाजरी आणि उडीद या यादीत नाहीत, तेवढे वाटी-वाटीभर आणावे लागतील. एका थालीपिठाला ६० ग्रॅम भाजणी, त्यात कांदा आणि जो असेल तो पाला. तव्यावर एक चमचा तेल पुरतं, भोकं पाडायला विसरू नका.

शिळ्या पोळीचा कुस्करा, शिळ्या भाकरीचा काला हे तर आहेतच. सोलापूरची कडक भाकरी यात सगळ्यांत हुशार वस्तू. पातळ थापून, नेहमीसारखी भाजून, मग मंद आचेवर पापडासारखी होईपर्यंत कोरडी करायची. गार करून डब्यात ठेवली की कित्येक दिवस टिकते. शेंगाची चटणी आणि कांद्याबरोबर पाच मिनिटांत खाणं तयार. ओल राहिली तर मात्र मधोमध बुरशी धरते, म्हणून मोडताना कट्‌ आवाज आला पाहिजे.

मुलं सरकारी किंवा अनुदानित शाळेत आठवीपर्यंत असतील तर दुपारचं जेवण शाळेत मिळतं. निकष पहिली ते पाचवीला ४५० किलोकॅलरी, सहावी ते आठवीला ७००. ते जेवण ‘नाहीतरी डबा आहेच’ म्हणून टाळायला लावू नका. हिशेबात त्याचं मोल फार आहे.

दिवेलागण

दोन ओळी कुणी तपासत नाही, तेल आणि चहा.

तेल रोज १०० मिली ठरलं ना, तर सकाळी तेवढं एका लहान बरणीत काढून घ्या आणि मोठा डबा आत ठेवून द्या. दिवसाचं फोडणी-पोळी सगळं त्या बरणीतून. माणशी २३ ग्रॅमच्या आसपास येतं आणि बैठं काम करणाऱ्या मोठ्या माणसांना शिफारस २० ते २५ चीच आहे. तळण करायचं असेल तर त्याआधीचे तीन-चार दिवस रोज थोडं मागे टाका. तळून उरलेलं तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीत संपवा. पुन्हा तळायला घेऊ नका. काळं झालेलं, फेसाळणारं तेल टाकून देण्याचंच असतं.

पिशवी घेताना ग्रॅम वाचा. एक लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. आता बाजारात ७५०-८०० ग्रॅमच्या पिशव्याही लिटरच्याच आकारात दिसतात. पाकिटावर एका ग्रॅमची किंवा मिलीची किंमत छापणं बंधनकारक आहे, ती बारीक ओळ शोधून तीच ताडून बघा. हेच साबुदाणा, पोहे, चहा सगळ्याला लागू.

चहा: दिवसाला चार कप, कपाला ५० मिली दूध. महिन्याचं ६ लिटर दूध, ३३६ रुपये. पावडर १२०. कपाला ८ ग्रॅम साखर, महिन्याची जवळजवळ किलोभर, ४३. म्हणजे चहाचे ५०० रुपये, आणि घरात येणाऱ्या दुधातलं चाळीस टक्के दूध चहात. दोनच कप केले तर ३ लिटर दूध मुलांच्या पेल्यात किंवा दह्याच्या भांड्यात येतं. जेवणानंतर लगेच चहा नको. डाळ-भाजीतलं लोह अंगी लागत नाही. निदान तासभर मध्ये जाऊ द्या, आणि जेवणात अर्धं लिंबू असू द्या.

आडवाट

आता साठवणुकीबद्दल. सगळे सांगतात वर्षाचं धान्य उन्हाळ्यात भरा. १९२ किलो गहू म्हणजे सात हजार रुपये एकरकमी. सहा हजारांच्या घराने हे कसं करायचं?

भुसारी

नका करू. उसने काढून किंवा व्याजाने वर्षाचं भरण्यात काही अर्थ नाही. भावातला फरक व्याज खाऊन टाकतं आणि कीड लागली तर मुद्दलही जातं. मधला रस्ता आहे. तीन-चार घरांनी मिळून भुसार बाजारातून पोती घ्यायची आणि घरी तोलून वाटायची. किंवा दोन-तीन महिन्यांपुरतं भरायचं. भिशी असेल तर तिचा नंबर मार्च-एप्रिलमध्ये मागून घ्या, बाकी कुठल्याही महिन्यापेक्षा तो पैसा तेव्हा जास्त कामाचा.

केव्हा काय: रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चपासून, गहू मार्च-एप्रिल, नवी तूर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी आणि त्यामागून डाळ, लसूण फेब्रुवारी-मार्च, चिंच आणि सुकी मिरची उन्हाळ्याच्या तोंडाला, साठवणीचा उन्हाळी कांदा एप्रिल-मे. गूळ थंडीत, गुऱ्हाळं चालू असताना. पैसे थोडे असतील तर यातलं आधी तिखट-चिंच-लसूण घ्या. वजन कमी, वर्षभराचा फरक जास्त.

काय बघून घ्यायचं ते सांगतो. गहू: रोजच्या पोळीला लोकवन पुरे. शरबतीला पैसे जास्त, पोट तेवढंच भरतं. मूठभर दाणे तळहातावर पसरा. भोक पडलेले, चिंबलेले आणि हलके दाणे जास्त दिसले तर दोन रुपयांनी स्वस्त असूनही तो गहू महाग. निवडताना किलोमागे ५० ग्रॅम गेले तर ३६ चा गहू ३८ ला पडला. ज्वारी: मालदांडी भाकरीला उत्तम. खरिपाची संकरित स्वस्त असते, पण पावसात सापडून काळी पडलेली घेऊ नका. तांदूळ: जुना फुगतो, पाणी जास्त घेतो, त्यामुळे वाटीभरात जास्त भात होतो. खिचडी, घावनाला कणी घ्या. डाळ: चकचकीत, अति पिवळी नको. थोडी तुकडा डाळ घोटायला चांगलीच असते. बेसन पाकिटातलं न घेता हरभराडाळ दळून आणा, वाटाण्याच्या पिठाची भेसळ टळते.

भरताना: गहू दोन ऊन द्या, पण गरम गरम डब्यात भरू नका. रात्रभर सावलीत गार होऊ द्या. गरम भरला की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि वरचा थर कुबट होतो. तांदळाला कडक ऊन नको, तुकडा पडतो. कोठी जमिनीला टेकवू नका, खाली फळी किंवा विटा. अख्ख्या कडधान्याला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळलं की भुंगा लागत नाही. वाळवलेला कडुनिंबाचा पाला मधल्या थरात घाला. ओला घातलात तर बुरशी येईल.

पाऱ्याच्या गोळ्या, बोरिक पावडर धान्यात टाकू नका. आणि गोदामात वापरतात त्या धुरीच्या गोळ्या घरात आणायच्याच नाहीत. त्यातून विषारी वायू सुटतो, बंद घरात माणसं दगावतात. शेजारचा दुकानदार ‘एकच टाका’ म्हणाला तरी नाही.

कोरडवाहू

रेशनबद्दल. प्राधान्य कुटुंब कार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदयवर कुटुंबाला ३५ किलो. १ जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढे पाच वर्षं मोफत ठेवण्याचा केंद्राचा निर्णय आहे. चार माणसांचे २० किलो, गहू-तांदळाचं प्रमाण वेळोवेळी बदलतं. वरच्या यादीत हे बसवलं तर ७५० ते ८५० रुपये मोकळे होतात.

केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळेलच असं नाही, प्राधान्य यादीत नाव असावं लागतं. कार्डावर जितकी माणसं तितकंच धान्य, म्हणून मुलांची नावं चढवली आहेत का बघा. प्रत्येकाचं ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) पुरं हवं. गाव सोडून कामाला आलात तरी कार्ड बदलायची गरज नाही. एक देश एक शिधापत्रिका योजनेत कार्डाचा बारा अंकी क्रमांक आणि अंगठा यांवर कुठल्याही रेशन दुकानातून धान्य घेता येतं. काटा शून्यावर आहे का ते बघा, यंत्राची पावती मागा आणि पावतीवरचं वजन पिशवीत आहे ना ते तिथेच ताडा.

रेशनच्या तांदळात काही वेळा वेगळ्या रंगाचे, थोडे पिवळट दाणे दिसतात. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून लोक ते वेचून फेकतात. ते पोषक केलेले दाणे असतात, तांदळाच्याच पिठाचे, लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घातलेले. शंभर दाण्यांमागे एक. धुताना काही वर तरंगतात, तेही ओतून देऊ नका.

रानजाई

कोरडवाहूंचे आभार, हेच हवं होतं. त्या वाचलेल्या आठशेचं काय करायचं हेही लगेच ठरवावं, नाहीतर ते कुठे जातात कळत नाही. रोज आणखी अर्धा लिटर दूध ८४० ला पडतं. या यादीत ऊर्जा आणि प्रथिनं भागली तरी कॅल्शियम आणि बी-१२ कमीच पडतं, विशेषतः अंडी न खाणाऱ्या घरात. त्यामुळे पहिला हक्क दुधाचा, तेही दही-ताक करून.

चिमणचारा

भाजीचे १,२५० फोडून दाखवते, कारण तिथे रोजचे दहा-वीस निसटतात. कांदे ६ किलो १५०, बटाटे ४ किलो १००, टोमॅटो ३ किलो ९०, लसूण-आलं-मिरची-कोथिंबीर-लिंबू २००. उरले ७१०. महिन्यातले दहा दिवस उसळ-पिठलं-सोयावडी यांवर काढले तर भाजीचे दिवस राहतात वीस, दिवसाला ३० रुपये. मग उरलेल्या ११० मध्ये दोन डझन केळी.

तीस रुपयांत पालेभाजीची जुडी नक्की येते. तांदुळजा, चुका, अंबाडी, शेपू, जे त्या आठवड्यात ढिगाने आलं असेल ते. आठवडे बाजाराला संध्याकाळी गेलं की जुडी स्वस्त, पण ती त्याच रात्री निवडून फडक्यात गुंडाळायची. तशीच ठेवली तर सकाळी निम्मी पिवळी. पालेभाजीत मूठभर हरभराडाळ किंवा दाण्याचा कूट घातला की चार माणसांना पुरते. शेवग्याचा पाला तर कुणाच्या दारात असेल तर मागून आणा. सुकवून, चुरून पिठात मिसळता येतो.

जुलै-ऑगस्टमध्ये पालेभाजी महागते आणि चिखलाने निम्मी वाया जाते. त्या महिन्यांसाठी मे महिन्यात मूग-मटकीच्या डाळीचे सांडगे घालून ठेवा.

सोयावड्या ५० ग्रॅम कोरड्या एका वेळेला, महिन्यात दहा वेळा. मिठाच्या पाण्यात उकळा, गार पाण्यात दोनदा पिळा, मगच फोडणीला. पिळल्या नाहीत तर तो वास जात नाही आणि मग घरात पुन्हा कुणी खात नाही.

आडवाट

मोडांबद्दल एक विचारायचं होतं. मटकीला मोड आणले की प्रथिनं दुप्पट होतात असं ऐकलंय.

दिवेलागण

नाही. १०० ग्रॅम मटकीची सव्वादोनशे ग्रॅम मोडाची मटकी होते ती पाण्यामुळे. प्रथिनं तेवढीच. फायदा आहे तो पचायला हलकी होते, लवकर शिजते आणि थोडं क जीवनसत्त्व वाढतं. आठ-दहा तास भिजवून, निथळून, फडक्यात बांधून उन्हाळ्यात दहा-बारा तास बास. जास्त ठेवली की बुळबुळीत होते, आंबूस वास येतो. तशी झालेली धुऊनही वापरू नका. थंडीत पिठाच्या डब्याजवळ किंवा बंद ओव्हनसारख्या उबेच्या जागी ठेवा, दीड दिवस लागतो.

सागरगोटा

शेवटची शंका माझी. दुरुस्त यादीत १२ किलो ज्वारी आहे. आमच्याकडे तांदळाच्या भाकरीची सवय. ज्वारीची थापताना कडा फाटतात, उचलताना तुकडे पडतात. पीठ खराब लागलं की काय?

भुसारी

पीठ जुनं झालंय, विरी (पिठाचा चिकटपणा) गेली आहे. ज्वारी महिन्याची एकदम दळू नका. आठवड्याला तीन किलो दळा. बाजरी तर त्याहून कमी, तिचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं. गिरणीत गव्हावर किंवा ज्वारीवरच तुमचं दळण पडू दे. हरभराडाळीनंतर लगेच नको.

घरात आहे ते पीठ टाकायची गरज नाही. एका भाकरीपुरतं नको, सगळ्या भाकऱ्यांचं पीठ परातीत घ्या, चिमूटभर मीठ घाला आणि मधोमध खळगा करून उकळतं पाणी ओता. उलथन्याने कालवून पाच मिनिटं झाकून ठेवा. मग हाताला सोसेल इतपत गरम असताना तळहाताच्या टाचेने रगडून मळा, लागेल तसं कोमट पाणी लावत. मळून ठेवून देऊ नका, एकेक गोळा थापायच्या वेळी पुन्हा रगडा. तवा चांगला तापलेला हवा. भाकरी टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं आणि ते पूर्ण सुकायच्या आत उलटायची. सुकू दिलं तर तडे जातात, फुगत नाही. पुढच्या दळणात किलोभर ज्वारीला १०० ग्रॅम उडीद घाला, नवख्या हातालाही भाकरी फाटत नाही.